वर्षातून एकच ओहोटी

ऑगस्ट लागला की भोपाळमध्ये एक आकडा सगळ्यांच्या तोंडी असतो: १६६६.८०. बडा तालाब काठोकाठ भरला, म्हणजे पाण्याची पातळी समुद्रसपाटीपासून इतके फूट. वर्तमानपत्रं त्या दिवसाची पातळी छापतात, आणि चहाच्या टपरीवर ‘अजून किती राहिलं?’ एवढंच विचारलं तरी पुरतं. आकडा गाठला की भदभदा धरणाची गेटं उघडतात आणि पोरंबाळं घेऊन शहर तिकडे लोटतं. या मोजपट्टीचं दुसरं टोक १६५२ फुटांवर आहे. पाणी तिथवर उतरलं की साठा मृत धरतात. दोन टोकांमधलं अंतर १४.८० फूट, म्हणजे साधारण साडेचार मीटर.

मुंबईकर वाचकाला साडेचार मीटर चांगलेच ओळखीचे आहेत. पावसाळ्यात समुद्राला साडेचार मीटरहून मोठी भरती असली की इशारे सुटतात, आणि उधाणाच्या दिवशी भरती-ओहोटीतला फरकही याच घरात जातो. मुंबईत एवढं पाणी सहा तासांत चढतं आणि पुढच्या सहा तासांत उतरतं. भोपाळात ते जून ते सप्टेंबर चढतं आणि ऑक्टोबर ते जून उतरतं. समुद्रापासून शेकडो किलोमीटर आत, पाचशे मीटर उंचीवर असलेल्या या तळ्याला वर्षाकाठी एक भरती आणि एक ओहोटी. शिवडीच्या किंवा ठाण्याच्या खाडीत पक्षी पाहिलेल्या माणसाला भोपाळचं तळं समजून घ्यायचं असेल, तर मला याहून सोपी वाट दिसत नाही. खाडीतले पक्षी भरतीच्या वेळी बाजूला थांबतात आणि ओहोटीत चरायला उतरतात. इथल्या पक्ष्यांनाही तोच उघडा पडलेला चिखल हवा असतो. फक्त त्यांना तासांऐवजी महिने सांभाळावे लागतात.

आणि इथली ओहोटी चंद्र आणत नाही. थोडं पाणी उन्हाने उडतं, बरंचसं भोपाळकर पितात. कोलार धरण आणि पुढे नर्मदा यांचं पाणी शहरात आलं, तरी शहराचा मोठा भाग आजही या तळ्याच्या पाण्यावर जगतो. नळाला पाणी येतं तसतसा पश्चिमेकडे चिखल उघडा पडत जातो. पाणी वाचवा असं आपण सगळेच सांगतो, पण वाचवलेल्या पाण्याचा चिखलात चरणाऱ्या टिलव्यांना काहीही उपयोग नाही, ही गोष्ट भोपाळमध्ये जाहीरपणे बोलायची सोय नाही.

हे तळं मानवनिर्मित आहे. अकराव्या शतकात परमार राजा भोजाने कोलांस नदीवर मातीचा बांध घातला. आजचं कमला पार्क त्या बांधावर आहे. १७९४ मध्ये नबाबाचा मंत्री छोटे खान याने या बांधाच्या पूर्वेला छोटा तालाब बांधला. १९६५ मध्ये आग्नेय टोकाला भदभदा धरण झालं, अकरा गेटांचं, आणि पाण्याची पातळी वाढली. जास्तीचं पाणी आता भदभद्यातून कलियासोतकडे आणि तिथून बेतव्याला जातं. बड्या तालाबाचं क्षेत्र पूर्ण भरल्यावर एकतीस चौरस किलोमीटरच्या आसपास, आणि त्याला पाणी देणारं पाणलोट ३६१ चौरस किलोमीटरचं. ऑगस्ट २००२ मध्ये दोन्ही तळी मिळून ‘भोज पाणथळ’ या नावाने रामसर यादीत गेली. महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ, नांदूर मध्यमेश्वर, त्यानंतर सतरा वर्षांहून अधिक काळाने, २०२० मध्ये जाहीर झालं.

पक्ष्यांच्या दृष्टीने या इतिहासापेक्षा भूगोल जास्त महत्त्वाचा. विंध्याचा वालुकाश्म आणि दख्खनचा काळा खडक यांची गाठ भोपाळच्या परिसरात पडते. शहराच्या बाजूला शामला हिल्स आणि वनविहारच्या टेकड्या वालुकाश्माच्या, म्हणून तिथे काठ चढा आणि पाणी लगेच खोल. पश्चिमेला सीहोरच्या दिशेने माळव्याचं सपाट पठार सुरू होतं, कोलांस तिकडूनच येते, आणि जमीन काळी, अगदी विदर्भात असते तशी, बुटाला धरली की सोडत नाही. तिकडचा उतार इतका मंद की तो डोळ्यांना दिसतच नाही. हजार फुटांना दोन फुटांचा उतार धरा. पाणी एक फूट उतरलं की पाचशे फूट रुंदीची पट्टी उघडी पडते. काठाला दगडी भिंत असेल तर तेच एक फूट पाणी उतरल्यावर फक्त भिंतीवरचा डाग वाढतो. या प्रकरणातली बहुतेक गोष्ट या एका हिशेबात आहे.

आता पक्ष्यांचं वेळापत्रक.

‘हिवाळी पाहुणे’ हा शब्द आपल्या पाठ्यपुस्तकांनी इतका रुजवला आहे की दिवाळीच्या आधी परदेशी पक्षी पाहायला कोणी बाहेरच पडत नाही. बदकांच्या बाबतीत तो बराचसा खरा आहे. चिखलात चरणाऱ्या लहान पक्ष्यांच्या, म्हणजे तुतारी, टिलवे, चिखले यांच्या बाबतीत मात्र पार चुकीचा. हे पक्षी उत्तर युरोप आणि सैबेरियात, वनातल्या दलदलींपासून थेट उत्तर ध्रुवाजवळच्या टुंड्रापर्यंत वीण घालतात. तिथला उन्हाळा आटोपशीर. जूनमध्ये अंडी, तीनेक आठवड्यांत पिल्लं, आणि पिल्लं अंड्यातून बाहेर पडताच पायांवर उभी राहून स्वतः टिपायला लागतात. आईबापांना भरवण्याची कामगिरीच नसते. त्यामुळे घाई असणारा पालक लवकर निघू शकतो, आणि निघतोही.

हिरव्या तुतारीचं उदाहरण घ्या. हिच्या कुळातले बाकीचे बहुतेक पक्षी जमिनीवर घरटं करतात. ही दलदलीतल्या झाडावर, कस्तुराने सोडून दिलेल्या जुन्या घरट्यात अंडी घालते. पिल्लं बाहेर आली की झाडावरून सरळ खाली उड्या मारतात. मादी पिल्लांना पंख फुटण्याची वाट न पाहता दक्षिणेकडे निघते, मागचं सगळं नर बघतो. म्हणून जुलैच्या अखेरीस, आषाढ संपता संपता, भोपाळच्या एखाद्या डबक्यावर ही तुतारी उभी दिसते. तोपर्यंत इथल्या पेरलेल्या सोयाबीनला फुलंसुद्धा आलेली नसतात. युरोपात ज्याला उन्हाळ्याची अखेर म्हणतात, तो काळ आपल्याकडे श्रावण-भाद्रपदाचा, आणि स्थलांतर खऱ्या अर्थाने याच पावसात चालू होतं.

हिरव्या तुतारीच्या मागोमाग ठिपकेवाली तुतारी, सामान्य तुतारी, ग्रीनशँक, छोटा टिलवा आणि रफ येतात. सप्टेंबरात पाणलावे, पिवळे आणि पांढरे धोबी. बदकांमध्ये सर्वांत आधी गार्गनी, जिच्या नराला भुवईवर पांढरा पट्टा असतो, पण या दिवसांत तोही मादीसारखाच मळकट दिसतो. पितृपक्षात भोपाळच्या मराठी घरांमधून गच्चीवर पान ठेवून कावळ्याची वाट पाहतात, त्याच सुमाराला शेपटी हलवणारा धोबी तिथे येऊन फिरून जातो, आणि त्याच्याकडे कोणाचं लक्ष नसतं.

प्रत्येक जातीत सुद्धा दोन लाटा असतात. आधी प्रौढ पक्षी येतात, पिसं झिजलेली, विणीचा रंग अर्धामुर्धा उडालेला. तीन-चार आठवड्यांनी त्या वर्षीची पिल्लं येतात आणि ती ओळखायला सोपी असतात, कारण त्यांची सगळी पिसं एकाच वेळी उगवलेली, नवीकोरी, प्रत्येकाला फिकट कड. दुर्बिणीतून पाठ खवल्यांसारखी नीट मांडलेली दिसते. सप्टेंबरातल्या टिलव्यांच्या थव्यात अशा पाठी मोजल्या, तर त्या वर्षी टुंड्रामध्ये वीण कशी झाली याचा अंदाज इथे कलियासोतच्या काठावर बसून बांधता येतो.

मागून येणाऱ्या या पिल्लांबरोबर वाट दाखवणारं कोणी असेलच असं नाही. छोट्या टिलव्याचं वजन पंचवीस-तीस ग्रॅम. सैबेरियाच्या उत्तर किनाऱ्यापासून भोपाळपर्यंतचं अंतर पाच हजार किलोमीटरहून अधिक. दोन महिन्यांचा पक्षी हे अंतर कोणत्या भरवशावर कापतो, याचं उत्तर शोधणारा एक जुना प्रयोग प्रसिद्ध आहे. पेर्डेक या डच शास्त्रज्ञाने हॉलंडमधून जाणाऱ्या अकरा हजारांहून अधिक युरोपीय मैना पकडल्या, विमानाने स्वित्झर्लंडला नेल्या आणि तिथे सोडल्या. निष्कर्ष १९५८ मध्ये प्रसिद्ध झाले. प्रौढ मैनांना आपण चुकीच्या जागी आहोत हे कळलं. त्या दिशा बदलून नेहमीच्या मुक्कामी, इंग्लंड आणि उत्तर फ्रान्सकडे गेल्या. पहिल्यांदाच निघालेल्या पिल्लांनी मात्र हॉलंडहून जी दिशा धरली असती तीच धरली, आणि ती स्पेन व दक्षिण फ्रान्समध्ये पोचली. म्हणजे दिशा आणि अंतर पिल्लू जन्मतः घेऊन येतं, नकाशा अनुभवाने तयार होतो. एकदा नकाशा बनला की पक्षी त्याच काठावर पुन्हा पुन्हा येतो. तो काठ मधल्या काळात नाहीसा झाला, तर अनुभवी पक्ष्याचंच जास्त नुकसान.

पण ऑगस्टमध्ये तळं तर भरत असतं. मग हे सगळे उतरतात कुठे?

बड्या तालाबावर फारसे नाही, हे सरळ सांगायला हवं. वनविहारच्या रामू गेटपासून चिकू गेटपर्यंतच्या तळ्याकाठच्या रस्त्याने ऑगस्टमध्ये चाललात, तर पाणी फार सुंदर दिसेल आणि तुतारी क्वचितच. भरती चालू असताना खाडीतले पक्षी मिठागरांच्या वाफ्यांत जाऊन थांबतात, तसे इथले पक्षी शेतात साचलेल्या पाण्यात, गावतळ्यांच्या कडेला, गुरं चरतात त्या ओल्या कुरणांत पसरतात. बिसनखेडी आणि गोरा या गावांच्या बाजूला तळ्याचा पश्चिम काठ गवतात हळूहळू वर चढत असतो, तिथे बोटभर पाणी असलेली जागा रोज थोडी सरकते, आणि पक्षीही रोज तेवढे सरकतात. काल ज्या दगडाशी टिलवे होते तिथे आज पाणी गुडघाभर. भोपाळच्या पक्षीनिरीक्षकाला या महिन्यात ठरलेली जागा म्हणून नसते. पाऊस कमी झालेल्या वर्षी मात्र पश्चिमेचा चिखल उघडाच राहतो आणि ऑगस्ट-सप्टेंबरात तिथे थवेच्या थवे असतात. शहराचा चेहरा पडलेला आणि पक्ष्यांची चंगळ, असं एकाच वेळी चालू असतं. २००९ च्या उन्हाळ्यात तळं इतकं आटलं की भोपाळकर श्रमदानाने गाळ उपसायला उतरले होते; ती हलाखी विसरून ‘चिखल छान होता’ म्हणण्याचं धाडस मी करणार नाही.

सकाळी सूर्य पाठीशी ठेवून उभं राहावं, म्हणजे तळ्याच्या पश्चिम भागात शक्य तिथे पूर्वेच्या अंगाने जावं. नऊनंतर जमिनीवरून वाफ उठायला लागते आणि लांबचे पक्षी दुर्बिणीत थरथरतात. नवशिक्याने सुरुवात तीन तुताऱ्यांपासून करावी, कारण या तिन्ही भोपाळच्या कोणत्याही ओल्या जागी भेटतात आणि बसलेल्या असताना तिन्ही राखी-तपकिरीच दिसतात. त्यांना ओळखायचं ते उडवून, किंवा खरं म्हणजे त्यांच्या मर्जीने उडेपर्यंत थांबून. हिरवी तुतारी उठते ती मोठ्याने तक्रार करत, सरळ वर चढते, पंखांची खालची बाजू जवळजवळ काळी आणि कमरेवर लख्ख पांढरा चौकोन. ठिपकेवालीचीही कंबर पांढरी, पण पंख खालून फिकट, पाय पिवळसर आणि उडताना पाय शेपटीबाहेर दिसतात. तिची हाक म्हणजे घाईत तीन-चारदा काढलेली ‘चिफ-चिफ-चिफ’. सामान्य तुतारी वर चढतच नाही. पाण्याला घासून, पंख ताठ ठेवून, थोडे फडफडवून थोडं तरंगत जाते, आणि पुढच्या दगडावर बसली की मागचा भाग सारखा खालीवर हलवत राहते. एवढं करूनही एखादी तुतारी कोणती ते ठरत नाही. तशी ती वहीत ‘तुतारी, अनिश्चित’ म्हणून लिहायला लाजू नये.

टिलव्यांमध्ये पाय पाहावेत: छोट्या टिलव्याचे काळे, टेमिंक टिलव्याचे पिवळट. चिखल वाळून पायाला बसला असेल तर दोन्हींचे पाय सारखेच राखी दिसतात, आणि वाद तिथून सुरू होतात. रफ हा पक्षी तर लोकांना दोन वेगळे पक्षी वाटतो, कारण नर मादीपेक्षा ठळकपणे मोठा असतो. ऑगस्टमध्ये आलेल्या एखाद्या नराच्या मानेवर विणीतल्या झालरीची उरलीसुरली पिसं दिसतात.

हे सगळे एकाच चिखलात चरतात आणि तरी भांडण फारसं होत नाही, याचं कारण पाय आणि चोच. टिलव्याचे पाय एवढे आखूड की पाणी चार बोटं झालं तरी त्याचं काम संपलं. शेकाट्याचे लाल पाय इतके लांब की तो पोटापर्यंत पाण्यात उभा राहून पृष्ठभागावरचं टिपतो. कंठेरी चिखल्या कोरड्या कडेला धावतो, थांबतो, डोळ्यांनी किडा हेरतो. पाणलावा आणि गॉडविट यांना डोळ्यांची गरजच कमी. त्यांच्या चोचीच्या टोकाशी दाबाची जाणीव असणारे अतिसूक्ष्म अवयव दाटीने असतात, आणि चोच चिखलात मुळापर्यंत खुपसलेली असताना ते फक्त तिचं टोक उघडून अळी पकडू शकतात. ती अळी बहुधा लाल असते. तळ्याकाठी संध्याकाळी ढगासारखे घोंघावणारे, न चावणारे जे डास दिसतात, त्यांच्या या अळ्या. कुजक्या चिखलात प्राणवायू नसतोच जवळपास, म्हणून त्यांच्या अंगात हिमोग्लोबिन असतं आणि त्याचाच तो लाल रंग. ज्या काळ्या, वास मारणाऱ्या चिखलाकडे पाहून आपण नाकाला रुमाल लावतो, तो सैबेरियाहून आलेल्या पक्ष्याला पुढच्या प्रवासाची चरबी पुरवतो. इथे उतरलेल्यांपैकी बरेचसे पक्षी इथे राहत नाहीत. आठवडा-पंधरवडा चरतात, वजन वाढवतात आणि रात्री निघून आणखी दक्षिणेला जातात.

असा थोड्या दिवसांचा मुक्काम या भागात फार पूर्वी कोणाच्या तरी लक्षात आला होता. ‘मेघदूता’तला ढग विदिशेवरून जातो. विदिशा भोपाळहून पन्नास-पंचावन्न किलोमीटरवर, त्याच बेतव्याच्या काठी. कालिदास त्या दशार्ण देशाचं वर्णन करताना तिथे हंस थोडेच दिवस राहतील असं सांगतो, कारण पावसाची चाहूल लागून ते मानस सरोवराकडे निघालेले आहेत. आजच्या नोंदी पाहिल्या तर हिमालय ओलांडणारे पट्टकादंब हंस आषाढाच्या कितीतरी आधी, मार्च-एप्रिलातच निघून गेलेले असतात. तेवढी तारीख कवीला माफ. पण पाणथळ हा काही पक्ष्यांचा शेवटचा मुक्काम नसून मधला थांबा असतो, हे त्याने नेमकं हेरलं होतं.

पक्षी कुठून कुठे जातो हे पुराव्यानिशी सांगायची भारतातली सुरुवातही याच प्रदेशातली, आणि मराठी घराण्याशी जोडलेली. राजा भोजाची राजधानी धार. अठराव्या शतकापासून तिथे मराठ्यांच्या पवारांचं संस्थान होतं. १९२६-२७ मध्ये बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीच्या योजनेखाली धारच्या महाराजांनी रानबदकांच्या पायांत कडी घालून त्यांना सोडायला सुरुवात केली. कड्यावर मुंबईच्या सोसायटीला कळवा, एवढा संदेश. ज्या काळात संस्थानिक आणि त्यांचे पाहुणे बदकं मारण्याचे आकडे मिरवत, त्या काळात एका राजाने ती पकडून सोडून द्यावीत, हे मला तरी नवलाचं वाटतं. अर्थात कडं परत मिळायचं तर पलीकडे कोणीतरी ते बदक मारावंच लागे. पुढे तिसाच्या दशकात सालिम अलींनी मध्य भारतातल्या संस्थानांमधून पक्ष्यांचं सर्वेक्षण केलं. ह्यू व्हिसलर यांच्यासह लिहिलेला त्याचा अहवाल सोसायटीच्या जर्नलमध्ये १९३९-४० मध्ये छापला गेला. आता पाठीवर उपग्रहाशी बोलणारं यंत्र बांधतात. मंगोलियात असं यंत्र बांधलेला ‘ओनोन’ नावाचा एक कोकीळकुळातला पक्षी २०२० च्या वसंतात आफ्रिकेहून परतताना अख्खा अरबी समुद्र न थांबता ओलांडून आला, किनाऱ्यावरही थांबला नाही, आणखी सहाशे किलोमीटर आत येऊन मध्य प्रदेशात उतरला. सैबेरियापासून हिंदी महासागरापर्यंतच्या या हवाई पट्ट्याला मध्य आशियाई उड्डाणमार्ग म्हणतात. तीस देश आणि पाणपक्ष्यांच्या १८२ जाती त्यात मोडतात.

याच श्रावण-भाद्रपदात तळ्यावरच्या घरच्या पक्ष्यांची वीण चालू असते, आणि भोपाळमधल्या पावसाळी भटकंतीचं खरं आकर्षण पुष्कळांना तेच वाटतं. पश्चिमेच्या उथळ पाण्यात सारसाची जोडी गवताचा ढीग रचून त्यावर दोन अंडी घालते. माणसाएवढा उंच हा पक्षी एरवी शेतात गुरांशेजारी निवांत फिरतो, पण घरट्याजवळ गेलात तर गय करत नाही, म्हणून लांबूनच पाहावं. शिंगाड्याच्या वेलींवर लांब शेपटीचे कमळपक्षी अंडी घालतात. तळ्याच्या उथळ भागात शिंगाडा लावण्याचा धंदा जुना आहे. डोंगी घेऊन फिरणाऱ्या शिंगाडेवाल्यांना कोणत्या पानांवर अंडी आहेत ते माहीत असतं. कमळपक्ष्यांत मादी एका नराजवळ अंडी घालून दुसऱ्याकडे जाते आणि उबवण्याचं, पिल्लं सांभाळण्याचं काम नराचं. धोका वाटला तर तो अंडी चोच आणि छातीच्या मध्ये धरून दुसऱ्या पानावर सरकवतो. वेलीचं पान पाण्याबरोबर वर येतं, त्यामुळे तळं चढतं आहे याची त्याला फिकीर नसते. सारसाला असते. पाणी अचानक वाढलं तर तो गवत ओढून ढीग उंच करत बसतो.

एवढं सगळं या दिवसांत घडतं, आणि मोजणी होते ती जानेवारीत. आशियाई पाणपक्षी गणना १९८७ पासून दर जानेवारीत होते आणि ती उपयोगाची आहेच. पण जानेवारीत जे पक्षी सापडतात ते इथे मुक्कामाला राहिलेले. जे भाद्रपदात आले, पंधरा दिवस चरले आणि केरळ-श्रीलंकेकडे गेले, त्यांची त्या कागदावर नोंद होत नाही. मग एखाद्या काठावर काही बांधायचं निघालं की ‘इथे पक्षी फारसे नसतात’ असं जानेवारीचा कागद दाखवून म्हणता येतं. भोपाळमधल्या हौशी पक्षीनिरीक्षकांनी ऑगस्ट-सप्टेंबरातल्या नोंदी नेमाने ठेवल्या, आणि प्रत्येक नोंदीशेजारी त्या दिवसाची पाण्याची पातळी लिहिली, तर किती पातळीला कुठला काठ चालू असतो याचा तक्ता काही वर्षांत तयार होईल. पातळीचा आकडा तर घरपोच मिळतो.

काठांचं काय होतं आहे, ते शहराच्या बाजूने फिरताना दिसतं. उत्तरेला व्हीआयपी रोड, त्याला दगडी बांधकाम, पुढे बोट क्लब. शहराला स्वच्छ, स्थिर, फिरायला सोयीचा काठ हवा असतो. चुकीचं काही नाही त्यात, संध्याकाळी वारा खायला मीही तिथेच जातो. अडचण अशी की तोच काठ पश्चिमेकडेही हवासा वाटायला लागला आहे. २०१७ च्या पाणथळ नियमांनुसार, ते लागू होण्याआधीच्या दहा वर्षांतल्या सरासरी उच्च पूररेषेपासून पन्नास मीटरच्या आत पक्कं बांधकाम करता येत नाही. शामला हिल्सच्या चढावर पन्नास मीटर म्हणजे बरंच काही. हजाराला दोनच्या उतारावर पन्नास मीटर म्हणजे उंचीत जेमतेम दहा सेंटिमीटर, एका जोरदार सरीचा प्रश्न. सपाट काठाला मापाची वेगळी पट्टी लागते, आणि नियमांत ती नाही. सप्टेंबर २०२३ मध्ये राष्ट्रीय हरित लवादाने भोज पाणथळावर क्रूझ आणि मोटरबोटी चालवायला बंदी केली, तेव्हा चर्चा झाली ती पिण्याच्या पाण्यात मिसळणाऱ्या डिझेलची. ते योग्यच होतं. काठाच्या उताराची बाजू मांडायला असा एखादा डोळ्यांना दिसणारा तवंग नाही.

ऑक्टोबरात ओहोटी लागते. चिखल दिसायला लागतो, बदकं उतरतात, नोव्हेंबरात पट्टकादंब येतात, शहरातून मोठ्या कॅमेऱ्यांच्या गाड्या यायला लागतात. या दिवसांवर पुष्कळ लिहिलं गेलं आहे, इथे ते पुन्हा नको. पाणी मागे हटतं तसे काही शेतकरी उघड्या पडलेल्या ओल्या जमिनीत पेरणी करतात आणि पक्ष्यांच्या वाट्याची पट्टी अरुंद होते. मार्च-एप्रिलमध्ये उलटा प्रवास. तेव्हा पाणी बरंच खाली गेलेलं असतं, चिखल रुंद असतो, आणि ऑगस्टात मळकट दिसलेले पक्षी रंगात आलेले असतात. टिलव्यांच्या पाठीवर तांबूस छटा चढते, गॉडविटच्या मानेवर विटकरी रंग येतो. जायची घाई येण्यापेक्षा जास्त असते. आज दिसलेला थवा परवा असेलच असं नाही.

मे महिन्यात तळ्यात उघड्या पडलेल्या बेटांवर आणि वाळलेल्या गाळावर नदी सूरय, प्रॅटिनकोल आणि टिटव्या अंडी घालतात, घरटं न बांधताच, खडे जरा बाजूला सारून. टिटवीने उंचावर अंडी घातली तर यंदा पाऊस जास्त, असं माळव्यातले शेतकरीही मानतात आणि आपल्याकडचेही. बेटांवरच्या अंड्यांच्या बाबतीत हा अंदाज उपयोगी पडत नाही, कारण बेटच किती उंच असणार. जूनमध्ये सीहोरकडे दोन-तीन चांगले पाऊस झाले की कोलांस गढूळ पाणी घेऊन येते, आणि एप्रिलच्या अखेरीस घातलेल्या अंड्यांतली पिल्लं तोवर उडायला लागलेली असतात. मेच्या शेवटी घातलेली अंडी पाण्याखाली जातात.